आमची वाटचाल: मलम लावायला शिकवणारं क्लिनिक

लहान मुलांचं स्किन क्लिनिक काढायचं असं काही ठरवून मी या लाईनला आले नव्हते. पीजीला डर्मटॉलॉजी घेतलं तेव्हा डोक्यात सगळ्यांच्या असतं तेच होतं, लेझर, पिंपल्स, केसगळती, थोडं कॉस्मेटिक, म्हणजे जे चालतं ते. मुलांच्या ओपीडीला ड्युटी लागली की आम्ही तोंडं वाकडी करायचो, कारण पेशंट नुसता रडतो, स्वतः काही सांगत नाही आणि हिस्ट्री द्यायला तीन माणसं आलेली असली तर तिघांची हिस्ट्री वेगळी.

माझं मत फिरलं ते एका औषधामुळे. मी शिकत होते तेव्हाच, 2008 मध्ये, फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉ. क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या टीमचं एक छोटंसं पत्र न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं. एका बाळाच्या नाकावर हेमांजिओमा होता, म्हणजे रक्तवाहिन्यांची लाल गाठ, त्यासाठी स्टेरॉईड चालू होतं, त्यात हृदयाचा स्नायू जाड व्हायला लागला म्हणून हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं, आणि दुसऱ्याच दिवशी नाकावरच्या गाठीचा भडक लाल रंग जांभळट झाला आणि गाठ मऊ पडली. बीपीचं जुनं औषध हो! कुणी शोधायला गेलं नव्हतं, पण समोर घडलेलं त्यांनी नीट बघितलं, मग बाकीच्या मुलांना देऊन बघितलं. तोपर्यंत बऱ्याच बाळांच्या बाबतीत आम्ही "आधी वाढेल, मग आपोआप जिरेल" एवढंच सांगायचो, आणि गाठ डोळ्यावर किंवा नाकावर असली तर जड मनाने स्टेरॉईड. 2014 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याच औषधाचं बाळांसाठीचं पातळ औषध मंजूर केलं. अर्थात उगाच कुणालाही देत नाही, आधी हृदयाचे ठोके, बीपी वगैरे बघायचं आणि डोस दूध पाजतानाच द्यायचा, उपाशी पोटी दिला तर बाळाची साखर उतरू शकते.

ते वाचल्यावर वाटलं की बाकीच्यांना कंटाळवाणी वाटणारी ही ओपीडीच खरी बदलतेय. मग पीजी झाल्यावर एका मुलांच्या हॉस्पिटलात काम केलं. तिथल्या सीनियर मॅडम बाळाला टेबलावर ठेवूच द्यायच्या नाहीत, मांडीवरच तपासायच्या, आधी पाय, मग पोट-पाठ, चेहरा सगळ्यात शेवटी, आणि डायपर काढल्याशिवाय तपासणी झाली असं म्हणायचंच नाही. रॅश जांघेच्या घडीत आहे का घडी सोडून बाकी ठिकाणी आहे, यावरच अर्धं निदान होतं (घडी सोडून असेल तर बहुतेक ओलीनं चुरचुरलेलं, घडीत लालभडक आणि बाजूला बारीक बारीक ठिपके असतील तर बुरशी). कॉफीच्या रंगाचे डाग मोजायला त्यांनीच शिकवलं, वयात येण्याआधीच्या मुलात 5 मिलिमीटरपेक्षा मोठे असे 6 किंवा जास्त डाग दिसले तर न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा (नसांवर गाठी येणारा जनुकीय आजार) विचार करायचाच, एकदोन असतील तर आईला धीर देऊन घरी पाठवायचं. आणि एक वाक्य त्या सारखं म्हणायच्या, मूल म्हणजे कमी वजनाचा मोठा माणूस नाही. बाळाची कातडी त्याच्या वजनाच्या मानाने खूप जास्त असते, म्हणून आपण बाहेरून जे चोपडतो ते आत जायचं प्रमाणही जास्त.

स्वतःचं क्लिनिक काढलं ते दोन खोल्यांचं, लोन काढून. बरोबरच्या मित्रमैत्रिणींनी पहिलं विचारलं, लेझर कुठलं घेतलंस? म्हटलं घेतलंच नाही. डर्मटोस्कोप (कातडी मोठी करून बघायचं भिंग), वुड्स लॅम्प (डाग बघायचा जांभळा दिवा), एक मायक्रोस्कोप आणि खाली बसायला मोठी मॅट. "मग चालणार कसं?" हे मात्र त्यांचं बरोबर होतं, सुरुवातीला चाललंच नाही. आसपासच्या बालरोगतज्ज्ञांना वाटायचं, रॅश तर आम्हीच बघतो, आणि स्किनवाल्यांना वाटायचं, पोरं तर आमच्याकडेही येतात. दोघांचंही खरंच होतं की.

फरक पडला तो एक्झिमामुळे, म्हणजे कातडी कोरडी, लाल होऊन सारखी खाजते तो आजार. मुलांमधला त्याचा नेहमीचा प्रकार, अटोपिक डर्मटायटिस, बहुतेक मुलांना 5 वर्षांच्या आतच सुरू होतो आणि त्यातही निम्म्याहून जास्त जणांना पहिल्याच वर्षात. आमच्याकडे जी पोरं यायची ती आधी दोनतीन ठिकाणी जाऊन आलेली, फायलीत औषधं सगळी बरोबर लिहिलेली, मी पण तीच लिहिली असती. मग बरं का होत नाही? म्हणून एकदा सिस्टरना म्हटलं की चिठ्ठी देऊन पाठवू नका, आईला इथेच लावून दाखवायला सांगा. त्या माऊलीने ट्यूबमधून तुरीच्या दाण्याएवढं मलम काढलं आणि दोन्ही पायांना पुरवलं! स्टेरॉईड म्हणलं की सगळे घाबरतात, म्हणून मग कमी लावायचं, दोन दिवस लावून बंद करायचं, परत उठलं की परत दोन दिवस, आणि वर्षभर हेच. (भीती अगदीच खोटी नाही, कुणालाही न विचारता कडक स्टेरॉईड महिनोन्महिने चेहऱ्यावर चोपडलेली पोरंही बघितलीत, कातडी पातळ होते. पण म्हणून योग्य औषध घाबरत घाबरत लावणं हा काही उपाय नाही.)

तेव्हापासून आमच्याकडे औषध लिहिणं हा सगळ्यात छोटा भाग झालाय. सिस्टर मापानं शिकवतात, मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत मलमाची एक पट्टी, साधारण अर्धा ग्रॅम, तेवढ्यात मोठ्या माणसाचे दोन तळहात बोटांसकट भरतील एवढी जागा होते. हे माप लाँग आणि फिनले या दोघांनी 1991 मध्ये मांडलं आणि यापेक्षा सोपं मला तरी अजून सापडलेलं नाही. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाच्या एका अख्ख्या पायाला अशा 2 पट्ट्या लागतात, म्हणजे दोन पायांना चार, आता तो तुरीचा दाणा आठवा. मॉइश्चरायझरचं तर विचारूच नका, अंगभर कोरडं असलेल्या मुलाला आठवड्याला 250 ग्रॅमपर्यंत लागतं हे ऐकून बाबा लोकांना वाटतं आम्हाला कंपनीकडून काहीतरी मिळतं. मिळत नाही, आणि म्हणूनच क्लिनिकमध्ये आम्ही एकही क्रीम विकायला ठेवत नाही, हा निर्णय धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाचा असेल पण बाबा लोकांशी बोलणं त्यामुळे सोपं जातं.

या सगळ्याला वेळ लागतो. नव्या एक्झिमाच्या मुलाला पाऊण तास सहज जातो, तेवढ्यात बाकीच्या ओपीडीत पाचसहा पेशंट होतात. हिशोब बघणारे आमचे मिस्टर, ते दर महिन्याला हे न चुकता सांगतात. मग तोडगा काढला की पहिली भेट लांब आणि फी जास्त, पण पुढच्या दोन भेटी सिस्टरकडेच, त्याचे पैसे नाहीत, मी फक्त शेवटी डोकावते. गंमत म्हणजे यावरच क्लिनिक उभं राहिलं, कारण पोरं झोपायला लागली. खाजेनं मूल झोपत नाही म्हणजे घरातलं कुणीच झोपत नाही, आणि ज्या घराला रात्रीची झोप परत मिळते ते घर चार जणांना सांगतं. जे बालरोगतज्ज्ञ आधी "रॅश आम्हीच बघतो" म्हणायचे तेच आता मुद्दाम पाठवतात, म्हणतात, आमच्याकडे एवढं समजवायला वेळ नाही.

दुसरी एक गोष्ट फोनवर बदलली. नवीन बाळाची अपॉइंटमेंट मागितली की रिसेप्शनवरची ताई पहिल्यांदा वय विचारते, तेही आठवड्यांत, आणि मग लाल डाग किंवा गाठ आहे का ते. हेमांजिओमाची बहुतेक वाढ पहिल्या 5 महिन्यांतच उरकते, त्यामुळे "पुढच्या महिन्यात या" म्हणणं म्हणजे उपचाराची वेळच घालवणं. सहा आठवड्यांचं बाळ आणि चेहऱ्यावर गाठ असं ऐकलं की ती मला न विचारता त्याच आठवड्यात घुसवते. हनुवटी-जबड्याच्या भागात असेल तर लगेच, कारण तिथल्या गाठींबरोबर कधी कधी श्वासनलिकेतही गाठ असते, आणि श्वासाचा आवाज येतोय असं म्हणाले तर आमच्याकडे नाहीच, थेट हॉस्पिटल. खरजेचंही तसंच, ती फोनवरच सांगून ठेवते की घरात कुणाकुणाला खाज आहे ते लिहून आणा, कारण एकट्या पोराला औषध लावून काही होत नाही, सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, ज्यांना खाज नाही त्यांनीसुद्धा.

नवीन औषधं येतायत ते बरंच आहे, 2022 मध्ये एफडीएने डुपिलुमॅबचं इंजेक्शन 6 महिन्यांवरच्या मुलांना मध्यम ते तीव्र एक्झिमासाठी मंजूर केलं, काही मुलांना त्याची खरंच गरज असते. पण इंजेक्शनपर्यंत आलेल्यांतल्या बऱ्याच जणांचं मलमाचं मापच चुकलेलं असतं, त्यामुळे आमच्याकडे आधी पट्ट्या मोजायच्या, मग पुढचं.

सध्या आम्ही दुसरी सिस्टर शोधतोय. स्किनचा अनुभव नसला तरी चालेल, ते आम्ही शिकवू, फक्त एकच गोष्ट दिवसातून दहा वेळा त्याच आवाजात सांगायचा कंटाळा नको.