'रिझ्यूम'चं बटण

अटल सेतूवर १०० ला क्रूझ कंट्रोल (ॲक्सिलरेटर न दाबता गाडी ठरवलेल्या वेगाने धावत ठेवणारी यंत्रणा) लावलं की बाबांच्या दुखऱ्या गुडघ्याला आराम मिळतो, म्हणून ही सोय मला हवीच आहे. पण आमच्या नव्या गाडीत 'रिझ्यूम' आणि वेग कमी करायचं बटण एकमेकांना खेटून आहेत, दोन्ही गुळगुळीत. अंगठ्याला काय कळणार? ब्रेक दाबला की क्रूझ सुटतं, आधीचा वेग मात्र लक्षात ठेवतं. शिवडीला उतरताना मर्यादा ४०. तिथे चुकून 'रिझ्यूम' दाबलं गेलं तर गाडी पुन्हा शंभराकडे धावणार. तो साठवलेला वेग पडद्यावर दिसतही नाही! पुढच्या गाडीपासून अंतर राखणाऱ्या रडारवाल्या क्रूझला तर पुढे बंद पडून उभा असलेला ट्रक ओळखता येईलच असं नाही. बटणावर साधा उंचवटा द्यायला कितीसा खर्च येतो? पावसात मी बाबांना क्रूझ लावूच देत नाही.