सवलतीतली छोटी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? : माझा अनुभव

वर्ष संपत आले की छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांवर 'एक लाखापर्यंत सूट' अशा जाहिराती झळकू लागतात, आणि ज्यांचे अंदाजपत्रक आठ-नऊ लाखांपलीकडे जात नाही अशा कुटुंबांना त्यांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. आम्ही पुण्यात २०२५च्या अखेरीस अशाच सवलतीत २४ किलोवॉट-अवर बॅटरीची टाटाची टियागो ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) घेतली. त्या सगळ्या व्यवहारातून माझे मत असे झाले आहे की सवलतीचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. ती सवलत नेमकी कशामुळे मिळते आहे आणि गाडी रात्री कुठे चार्ज होणार आहे, हे दोन प्रश्न त्याआधी सोडवावे लागतात.

सवलतीमागची कारणे समजून घेतली तर बोलणी करणे सोपे जाते. ही गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये ८.४९ लाखांच्या प्रारंभिक किमतीला बाजारात आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, बॅटरीचे सेल स्वस्त झाल्याचे सांगून, कंपनीनेच तिची किंमत ७० हजारांपर्यंत उतरवली. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तर इलेक्ट्रिक गाड्यांवरचा ५ टक्केच राहिला. म्हणजे पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि ईव्हीचा करातला फायदा बराच कमी झाला. ग्राहक टिकवायचा तर विक्रेत्याला सूट देणे भागच होते, म्हणून ती मागताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. ईव्हींना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी कार येत नाही, आणि ईव्हीच्या कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकरातली कलम ८०ईईबीची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच आहे. शोरूममध्ये या दोन्हींचा उल्लेख झाला, तेव्हा हे आधी वाचून गेल्याचा उपयोग झाला.

जाहिरातीतला लाख रुपयांचा आकडा प्रत्यक्षात अनेक तुकड्यांचा बनलेला असतो. त्यात रोख सूट असते, जुनी गाडी दिल्यास मिळणारा एक्स्चेंज बोनस असतो, आणि ठरावीक कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठीची कॉर्पोरेट सूटही असते. आमच्याकडे द्यायला जुनी गाडी नव्हती, त्यामुळे त्यातला मोठा भाग लगेच गळून पडला. उरलेली सूट विमा आमच्याकडूनच घ्या या अटीला बांधलेली होती. विमा कोणाकडून घ्यायचा हा ग्राहकाचा अधिकार आहे, म्हणून मी बाहेरून कोटेशन आणले आणि दोन्हींची तुलना एकाच आयडीव्हीवर (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीवर) आणि झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांची घट न कापता भरपाई) धरून केली. जून २०२२ पासून इलेक्ट्रिक कारच्या तृतीय पक्ष विम्यावर १५ टक्के सवलत आहे, ती कोटेशनमध्ये धरली आहे की नाही हेही पाहिले. हँडलिंग चार्जेस नावाची रक्कम बिलातून काढायला लावली. सूट एका हाताने देऊन अशा नोंदींतून दुसऱ्या हाताने परत घेतली जाते, आणि पहिली गाडी घेणाऱ्या माणसाच्या ते लक्षातही येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सर्वांत जास्त वेळ मी गाडीच्या वयावर घालवला. मोठी सूट बहुधा कित्येक महिने यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांवर असते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी मी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, आणि उत्पादनाचा महिना लेखी मागितला. विक्रीच्या प्रमाणपत्रात, म्हणजे नमुना २१ मध्ये, उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावेच लागते, तेव्हा ते आधी सांगायला हरकत नसावी, असे म्हटल्यावर टाळाटाळ थांबली. पहिली दाखवलेली गाडी फारच जुनी निघाली आणि मी ती नाकारली. दुसऱ्या गाडीच्या टायरवरचे चार आकडे पाहिले. त्यांतले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. ईव्हीत मोठ्या बॅटरीखेरीज १२ व्होल्टची एक लहान बॅटरीही असते. गाडी दीर्घकाळ उभी राहिली की ती उतरते, आणि मग मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. ही लहान बॅटरी मी नवी बसवून घेतली. मोठ्या बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल कार्यशाळेतून मागितला, आणि ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी उत्पादनाच्या नव्हे तर विक्रीच्या तारखेपासून मोजली जाईल, हे लिहून घेतले.

दरम्यान पार्किंगमध्ये चार्जर बसवण्यासाठी सोसायटीची परवानगी मिळवण्याचे काम सुरू होते. माझ्या मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र केबल, एमसीबी आणि आरसीसीबी (जादा भार किंवा वीजगळती झाल्यास वीज तोडणारे स्विच) आणि चांगले अर्थिंग यांचा आराखडा परवानाधारक वायरमनकडून काढून घेतला आणि अर्जासोबत समितीला दिला. समितीची खरी शंका आगीविषयी आणि वीज सामाईक मीटरवरून जाईल याविषयी होती. आराखडा पाहिल्यावर दोन्ही शंका मिटल्या. महावितरणकडे मंजूर भार (जोडणीवर एका वेळी वापरता येणाऱ्या विजेची मर्यादा) वाढवून घेतला. सोसायटीची परवानगी हाती येईपर्यंत मी गाडीचे बुकिंग केले नाही, आणि हा क्रम कोणीही उलटा करू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

हिशेब असा मांडला. महिन्याला हजार किलोमीटर धावण्यासाठी चार्जिंगमधली गळती धरून साधारण १३५ युनिट लागतात. घरचे बिल वरच्या स्लॅबमध्ये जाते म्हणून युनिटला १५ रुपये धरले, तर खर्च दोन हजारांच्या आसपास येतो. तेवढ्याच धावेला शहरात सोळाच्या ॲव्हरेजने पेट्रोलचे साडेसहा हजार जातात. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के वाहन कर आहे, म्हणजे सात लाखांच्या गाडीवर ७७ हजार, आणि आमच्या ईव्हीला तो माफ होता. त्यामुळे तुलना एक्स-शोरूम किमतींची न करता ऑन-रोड, म्हणजे कर आणि विमा धरून होणाऱ्या किमतींचीच करावी. सूट धरून पेट्रोल गाडीपेक्षा आम्हाला जास्त पडलेले दीड-पावणेदोन लाख सुमारे तीन वर्षांत भरून निघतील. महिन्याला पाचशेच किलोमीटर धाव असती, तर तीच मुदत सुमारे सहा वर्षांवर गेली असती.

गाडी बाजारात आली तेव्हा कंपनीने कागदावर ३१५ किलोमीटरची रेंज (एका चार्जमधली धाव) सांगितली असली तरी एसी लावून आम्हाला दोनशेच्या आसपास मिळते. कोल्हापूरला जाताना साताऱ्याच्या पुढे किंवा कराडच्या आसपास फास्ट चार्जरवर थांबावे लागते, आणि तो चार्जर चालू आहे का हे निघण्यापूर्वी ॲपवर पाहावे लागते. ज्यांचा महामार्गावरचा प्रवास जास्त आहे त्यांनी एवढ्या कमी क्षमतेच्या बॅटरीची गाडी घेऊ नये. पुनर्विक्रीचाही विचार हवा, कारण नव्या गाडीची किंमत उतरली की जुन्या गाडीचीही उतरते. ही गाडी बॅटरीची हमी संपेपर्यंत ठेवायची असे ठरवूनच आम्ही घेतली.

आमच्या शेजाऱ्यांना याच सवलतीत ही गाडी घ्यायची होती. त्यांचे वाहन रस्त्यावर उभे राहते आणि त्यांना वीस-पंचवीस रुपये युनिटच्या सार्वजनिक चार्जरवर अवलंबून राहावे लागले असते. तसे झाले तर बचत बरीच घटते, शिवाय दर चार-पाच दिवसांनी चार्जरवर तासभर थांबावे लागते. त्यांना मी जीएसटी कमी झालेली पेट्रोल गाडी पाहा असे सांगितले, आणि सूट आणखी पन्नास हजारांनी वाढली असती तरी त्यांना हेच सांगितले असते.