फॅट ५०००० : रुपेरी डिस्क अखेर वाचली, आणि दोष लेझरचा नव्हताच

काल रात्री सव्वादहा वाजता, वीज दोनदा जाऊन आल्यानंतर, माझ्या एससीपीएच-५०००० मालिकेतील फॅट, म्हणजे जुन्या जाड बांध्याच्या, प्लेस्टेशन-२ गेम कन्सोलने रुपेरी तळाची डिस्क, म्हणजे डीव्हीडी, पहिल्याच प्रयत्नात वाचली. तीन आठवडे दर संध्याकाळी तोच लाल पडदा आणि ‘योग्य डिस्क घाला’ ही तीच सूचना पाहिल्यानंतर मला इतका अविश्वास वाटला, की मी ती डिस्क लागोपाठ अकरा वेळा काढून घातली. अकराही वेळा ती वाचली गेली. शेजारच्या खोलीतून आईने शेवटी विचारले, की त्या पेटीचे दार बिघडले आहे का.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना लक्षणे ठाऊक आहेत. पहिल्या प्लेस्टेशनच्या काळ्या तळाच्या डिस्क आणि प्लेस्टेशन-२ च्या निळ्या तळाच्या सीडी विनातक्रार चालत होत्या. एका थराच्या डीव्हीडी दहातून तीन वेळा चालत आणि दोन थरांच्या एकदाही चालत नव्हत्या. पिकअपमध्ये, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या लेझर-भिंगाच्या भागात, सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन स्वतंत्र लेझर डायोड असतात, त्यामुळे सीडी चालते आणि डीव्हीडी अडते म्हटल्यावर डीव्हीडीचा डायोड थकला, असे निदान मी केले आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी त्याला दुजोरा दिला. कोणाला दोष देत नाही. पुस्तकी उत्तर तेच होते.

त्यानुसार नवा ४००-सी पिकअप मागवला. आधी बेळगावातील दुकानांत विचारून पाहिले, पण एके ठिकाणी काऊंटरवरच्या मुलाने मान वर न करताच ‘स्टॉक इल्ला री’ (स्टॉक नाही हो) म्हणून विषय संपवला. ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेला पिकअप स्थिरविद्युतरोधक पिशवीऐवजी साध्या प्लास्टिकच्या पिशवीत होता, आणि अशा मालाला मी यापुढे हात लावणार नाही. तरीही स्थिरविद्युतेपासून संरक्षणासाठी टाकलेला सोल्डरचा थेंब जागेवर होता. आधी रिबन जोडली, मनगटाला अर्थिंगची पट्टी बांधली आणि मग २५ वॅटच्या सोल्ड्रॉन सोल्डरिंग आयर्नने तो थेंब काढला. नवख्यांनी हा क्रम उलटा करू नये. थेंब न काढताच पिकअप बसवून ‘नवा मालही खराब निघाला’ म्हणणारे दरवर्षी दोन-तीन जण तरी भेटतात.

पिकअप बसवला, डिस्क घातली, आणि निकाल पुन्हा दहातून तीन! दोन वेगवेगळ्या पिकअपना एकच आजार, तोही त्याच प्रमाणात, होणे जवळजवळ अशक्य आहे, हे मला त्याच रात्री कळायला हवे होते. मी मात्र पुढचे दहा दिवस लेझरचा कल बदलणाऱ्या पांढऱ्या गिअरशी झटापट करण्यात घालवले. मूळ जागेवर मार्करने खूण करून एकेक दात पुढे, मग एकेक दात मागे, आणि प्रत्येक जागी दहा वेळा डिस्क घालून वहीत नोंद, असा क्रम चालला. कुठे दोन, कुठे चार, एका जागी तर शून्य यश मिळाले, पण पाचच्या वर आकडा कधी गेला नाही. दरम्यान जुन्या पिकअपचा पॉटही, म्हणजे लेझरची शक्ती ठरवणारा बदलता रोधही, एकदा हलवून पाहिला आणि लगेच पश्चात्ताप झाला. हलवण्यापूर्वी मल्टिमीटरने रोध मोजून लिहून ठेवला होता, म्हणून तो पूर्वपदावर आणता आला. पॉटला सर्वांत शेवटी हात लावावा, हे माझे जुने मत आता आणखी घट्ट झाले आहे.

कलाटणी मिळाली ती बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत. माझा एक विद्यार्थी तिथल्या एका मशीन शॉपमध्ये लागला आहे. त्याच्याकडे डायल गेज, म्हणजे पृष्ठभागाचा बारीक चढउतार मोजणारे काट्याचे उपकरण, मिळेल म्हणून रविवारी ड्राइव्ह कन्सोलमधून काढून, पाऊस लागू नये म्हणून स्टीलच्या डब्यात घालून घेऊन गेलो. वरच्या झाकणातील चुंबकी चकती सोडवून डिस्कवर ठेवली, डायलचा काटा डिस्कच्या कडेपासून थोडा आत, मध्यापासून ५५ मिलिमीटरवर टेकवला आणि डिस्क हाताने सावकाश एक फेरा फिरवली. काटा ७८ घरे फिरला. एक घर म्हणजे ०.०१ मिलिमीटर, म्हणजे डिस्कची कड प्रत्येक फेऱ्यात पाऊण मिलिमीटरहून अधिक खालीवर होत होती. डिस्क बदलून पाहिली तरी आकडा सत्तरच्या खाली येईना, तेव्हा वाकडेपणा डिस्कचा नसून ती ज्यावर बसते त्या गोल बैठकीचा आहे, हे स्पष्ट झाले.

मी मोटारीचा शाफ्ट वाकला असे म्हणून हताश होत होतो, इतक्यात बाजूच्या लेथवर काम करणारे एक वयस्क फिटर मामा हात पुसत आले. त्यांनी ड्राइव्ह उचलून डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, “काय ओ सर, शाफ्टला कशाला बोल लावताय? आधी ब्लू मारून बघायचं की!” दोन पृष्ठभाग एकमेकांना नेमके कुठे टेकतात हे पाहण्यासाठी फिटर लोक एकावर प्रशियन ब्लूचा अतिपातळ हात देतात आणि दुसऱ्यावर उमटलेला ठसा वाचतात. उद्यमबागेतील कोणत्याही कारखान्यात हे रोज चालते, पण गेम कन्सोलवर ते करावे असे मला सात जन्मांत सुचले नसते.

मामांनी करंगळीच्या टोकाने बैठकीवर ब्लू फिरवला. कोऱ्या डीव्हीडींच्या गठ्ठ्यात सर्वांत वर जी पारदर्शक कोरी चकती येते, ती मी नेहमी जपून ठेवतो. ती बैठकीवर ठेवून चुंबकाने दाबली आणि उचलून ट्यूबलाइटसमोर धरली. ठसा पूर्ण वर्तुळाचा उमटायला हवा होता. प्रत्यक्षात एका बाजूला मोहरीएवढा गडद ठिपका होता, त्याच्या बरोबर समोर नखाच्या कोरीएवढी फिकट कमान होती, आणि मधल्या दोन्ही बाजू कोऱ्या होत्या. डिस्क बैठकीवर बसतच नव्हती. एका उंचवट्यावर आणि समोरच्या कडेवर ती तोलून राहिली होती.

घड्याळजीच्या भिंगाखाली तो उंचवटा पाहिला, आणि मान खाली घालायची वेळ माझीच होती. तो होता तंतूंचा नमदा. आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो, भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात, आणि तलम तंतू हवेत कायमचे तरंगत असतात. पण नुसते तंतू असे चिकटत नाहीत. मागच्या वर्षी पिकअपच्या दांड्यांना पांढरे लिथियम ग्रीस लावल्याची नोंद मी मोठ्या अभिमानाने लिहिली होती, ती काहींना आठवत असेल. त्या वेळी बोटाचे ग्रीस बैठकीच्या कडेला लागले, त्यावर वर्षभर तंतू बसत गेले, आणि प्रत्येक डिस्क चुंबकाच्या दाबाखाली ते ठेचत गेली. फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांनी, मोजल्यावर त्याची जाडी ०.२ मिलिमीटर भरली. बैठकीचा व्यास २८ मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि डायल ज्या वर्तुळावर टेकला होता त्याचा व्यास ११० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चौपट. त्यामुळे बैठकीवरचे ०.२ मिलिमीटर तिथे चौपट होऊन दिसतात, आणि ७८ घरांचा हिशेब तंतोतंत जुळतो.

पांढरा गिअर का हरला, हेही इथे उलगडते. गिअर लेझरचा कल बदलतो, आणि हा कल एका जागी स्थिर राहतो. माझ्याकडचा तिरपेपणा मात्र डिस्कबरोबर फिरत होता, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात एका बाजूला आणि उरलेल्या अर्ध्यात विरुद्ध बाजूला. गिअर एका अर्ध्याची बाजू घेई, तेव्हा दुसरा अर्धा आणखी बिघडे. दहातून तीन वेळांचे गूढही तसेच सुटते. प्रत्येक डिस्कला स्वतःचा थोडा वाक असतो. तो बैठकीच्या कलाच्या नेमका उलट बाजूला पडला की दोन्ही काही अंशी एकमेकांना खोडून काढत आणि डिस्क चाले. तसे नसते, तर ती दहाही वेळा अडली असती.

मग सीडी का चालत होती? सीडीच्या खाचांच्या ओळींमधील अंतर १.६ मायक्रॉन असते, डीव्हीडीत ते ०.७४ मायक्रॉन, म्हणजे निम्म्याहून कमी. शिवाय सीडीसाठी भिंगाचे छिद्रमान (प्रकाश किती रुंद कोनात एकवटतो त्याचे माप) ०.४५ पुरते, डीव्हीडीला ०.६ लागते. तिरपेपणामुळे प्रकाशबिंदू जो शेपटासारखा पसरतो, तो छिद्रमानाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. डीव्हीडीत प्रकाशाला १.२ ऐवजी ०.६ मिलिमीटरच प्लास्टिक ओलांडावे लागते, त्याची सूट आणि डीव्हीडीच्या लेझरची कमी तरंगलांबी, दोन्ही धरून हिशेब मांडला तर तेवढ्याच कलाचा त्रास डीव्हीडीला सीडीच्या जवळजवळ दीडपट होतो. दोन थरांच्या डिस्कमध्ये पहिला थर अर्धपरावर्तक असल्यामुळे परतणारा प्रकाश आधीच क्षीण असतो, म्हणून ती सर्वांत आधी हार मानते. थकलेल्या डायोडची आणि वाकड्या बैठकीची लक्षणे बाहेरून एकसारखीच दिसतात, ही यातली खरी खोच आहे.

सफाईला दहा मिनिटे लागली. नमदा बांबूच्या काडीने सोलून काढला, ग्रीसचा थर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. औषधाच्या दुकानातील ७० टक्क्यांचे वापरू नये. त्यात पाणी फार असते. पुन्हा ब्लू मारला तेव्हा पूर्ण वर्तुळ उमटले, आणि डायलवर नऊ घरे आली. “आता चालंल बघा,” म्हणून मामा चहाला निघून गेले. त्यांनी त्या ड्राइव्हमध्ये कोणती डिस्क फिरते, हेसुद्धा विचारले नाही.

घरी येऊन जुनाच पिकअप परत बसवला आणि गिअर मार्करच्या खुणेवर आणला. एका थराची डिस्क अकरापैकी अकरा वेळा वाचली हे वर आलेच. दोन थरांची डिस्क दहापैकी नऊ वेळा वाचली, आणि दुसऱ्या थरावर उडी घेताना एकदाच अडखळली. हा एक अपयशाचा आकडा खटकतो आहे, पण पॉटला मी हात लावणार नाही.

आता पुढचा विचार. हार्ड डिस्क बसवून सगळे ओपीएलवरून (डिस्कशिवाय खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून) चालवायचे आणि ड्राइव्ह निवृत्त करायचा, असे मी मागच्या नोंदीत जाहीर केले होते. ते आता रद्द समजावे. त्याऐवजी समोरच्या जाळीला आतून मलमलीचा तुकडा लावून तंतू अडवावेत, असे हे लिहायला बसलो तेव्हा ठरवले होते. पण इथवर येईपर्यंत लक्षात आले, की फॅटचा पंखा मागून हवा बाहेर फेकतो आणि समोरच्या जाळीतूनच आत ओढतो. मलमल दोन आठवड्यांत तंतूंनी गच्च झाली तर आतले तापमान वाढेल, आणि मी एका रोगावर दुसरा रोग आणून ठेवीन. त्यापेक्षा कन्सोल वरच्या मजल्यावर, मागांच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत हलवणे सोपे आहे. त्यासाठी टीव्हीची जागाही बदलावी लागेल, आणि त्याची परवानगी अजून मिळालेली नाही.

ब्लूची एक छोटी नळी मामांनी मला देऊन टाकली आहे. येत्या रविवारी शहापूरच्या मित्राचा ७०००० मालिकेतील स्लिम, म्हणजे नंतरचा सडपातळ प्लेस्टेशन-२, उघडणार आहे. तोही डीव्हीडी वाचत नाही, त्याच्याही घराशेजारी माग आहेत, आणि नवा पिकअप मागवण्याची घाई त्यानेही चालवली आहे. त्याला मी आजच थांबवले. माझ्याकडच्या नव्या ४००-सी वर सोल्डरचा थेंब परत टाकून तो खऱ्या स्थिरविद्युतरोधक पिशवीत ठेवून दिला आहे.