कान दुखायच्या आधीच मोकळे करा
डिसेंबरात मुंबईहून तारकर्लीला गेलो होतो डायव्हिंगला, आणि तीनेक मीटर खाली गेल्यावर डावा कान असा काही दुखायला लागला की बस्स. खंडाळ्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात ना, तसंच पण कितीतरी जास्त. कारण हवेचा जेवढा दाब आपल्यावर असतो तेवढाच आणखी पाण्याच्या फक्त १० मीटरमध्ये वाढतो, म्हणजे एकदम दुप्पट, त्यामुळे सगळ्यात जास्त त्रास वरच्या वरच होतो, खोल गेल्यावर नाही.

माझी चूक एकच, दुखेपर्यंत थांबलो. नाक चिमटीत धरून, तोंड बंद ठेवून नाकात हळूच फुंकायचं किंवा नाक धरून नुसता आवंढा गिळायचा, हे पाण्यात शिरल्या शिरल्या सुरू करायचं आणि दर अर्ध्या-एक मीटरला करत राहायचं. पाय खाली ठेवून उतरलं तर सोपं जातं. कान नाहीच सुटला तर थोडं वर यायचं, परत प्रयत्न करायचा, तरीही नाही तर सरळ डाईव्ह सोडायची, पैसे गेले तरी चालतील. जोर मात्र अजिबात लावायचा नाही, आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते.

वर येताना नाक दाबून फुंकायचं नाही, हवा आपोआप निघते. आणि सर्दी असेल तर प्लीज जाऊ नका, गोळी घेऊनही नको, तिचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना कान अडकतो.