नलीचा नंबर

"नंबर आणा, लगेच शोधून देतो."

कसला नंबर, तर पणजोबांच्या नलीचा. खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक असतं ना, आता ज्याला सगळे सीडीसी म्हणतात, त्याला जुने खलाशी नली म्हणायचे. पणजोबांची नली त्यांच्याबरोबरच 1942 साली समुद्रात गेली. त्यांच्या नोकरीची नोंद शोधायला मी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. तिथे खिडकीतल्या बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग नंबर कुठून मिळणार?" अहो, तेच विचारायला डोंबिवलीहून रजा टाकून आलो होतो!

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर डेकच्या कामाला कोकणातली माणसं, इंजिनाच्या भट्टीवर बरीचशी पंजाबकडची आणि सलूनमध्ये, म्हणजे जेवणखाण आणि सरबराईला, गोव्याची, असा तेव्हाचा सर्रास रिवाज. पणजोबा डेकवर होते. घरात त्यांच्याविषयी दोनच गोष्टी माहीत. एक, ते "तळवा" नावाच्या बोटीवर होते. दोन, ते 1942 च्या त्रिपुरीच्या रात्री गेले. म्हणून आमच्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला त्यांच्या नावाचं पान वाढतात. एवढ्या भांडवलावर मी शोधाला लागलो.

कार्यालयाचं नाव लिहीत नाही. मुंबईत आहे, जिने लाकडी आहेत आणि पंखे माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत. पहिल्या खेपेला लेखी अर्ज मागितला. दिला. दुसऱ्या खेपेला तुम्ही त्यांचे कोण, याचा पुरावा मागितला. पणतू असल्याचा पुरावा काय द्यायचा? आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा जन्मदाखला, माझं आधार, अशी साखळी जोडली. बाईंनी एकेक कागद उलटून पाहिला, टाचणी सरळ केली आणि फाईल माझ्याकडे परत सरकवली. "सगळं बरोबर आहे. फक्त नलीचा नंबर राहिलाय." त्यांच्या मागे कपाटावर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत रचलेले. मी विचारलं, त्यात काय आहे? "जुनं रेकॉर्ड." कधीचं? "जुनं."

तिसऱ्या खेपेला बाई रजेवर. त्यांच्या जागी बसलेल्या गृहस्थांनी पहिल्यापासून सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं. त्या दिवशी मी आवाज चढवला, हे कबूल करतो. काही उपयोग झाला नाही, उलट नंतर पाणी मागायचीही लाज वाटली.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. मुदत 30 दिवसांची. उत्तर बरोबर शेवटच्या दिवशी निघालं. "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही." गठ्ठे कोणी सोडून पाहिले की नाही, ते त्यात नव्हतं. आठ महिने गेले. तुम्ही याच वाटेवर असाल तर पहिल्यांदा तिथे जाऊ नका. आधी तिथी बघा.

हे सुचायला मला आठ महिने लागले, याचा राग अजून गेलेला नाही. त्रिपुरी 1942 ची, म्हणजे शके 1864. पंचांग काढलं तर 22 नोव्हेंबर. आणि 23 नोव्हेंबर 1942 च्या पहाटे, मुंबईहून 20 तारखेला आफ्रिकेकडे निघालेली ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारून बुडवली. सुमारे 280 माणसं गेली. बोटीचं नाव तिलावा. तिलावाची आमच्या घरात तळवा झाली होती! पौर्णिमेची रात्रही जुळली. वाचलेल्यांना घेऊन ब्रिटिश युद्धनौका 27 तारखेला मुंबईला आली. त्यांतल्याच कुणीतरी गावात निरोप आणला असणार.

पुढचं एका संध्याकाळीत झालं. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन आहे, त्यांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. मी पूर्वी तिथे आडनाव घालून पाहिलं होतं, काही मिळालं नव्हतं. मिळणार कसं? आपल्या खलाशांची नावं नुसतं स्वतःचं आणि बापाचं अशी लिहिलेली, आणि बापाचं नाव आडनावाच्या रकान्यात. स्पेलिंग साहेबाच्या कानाला ऐकू आलं तसं. तेव्हा आडनाव कोरं सोडा. सेवेत मर्चंट नेव्ही निवडा, तारीख घाला, आणि यादी ओळीने मोठ्याने वाचा. डोळ्यांना न ओळखणारं नाव कानाला ओळखू येतं. मला आलं.

हो, एक राहिलं: सैन्याच्या कागदपत्रांच्या मागे लागू नका. गावात "लामावर गेला", म्हणजे लढाईवर गेला, असं म्हणत असले तरी व्यापारी बोटीवरचा खलाशी हा कंपनीचा नोकर, फौजेचा नव्हे. आणि जे सुखरूप परत आले त्यांची नावं कमिशनकडे नसतात.

दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी खलाशांसाठी दगडी स्तंभ नाही, नावांची वही आहे. सारख्याच दोन वह्या: एक चितगावला, एक मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. नौदलातले आणि व्यापारी बोटींवरचे मिळून सहा हजारांच्या वर लोक. मी वडिलांना घेऊन गेलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि आपल्या आजोबांच्या नावावर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "स्पेलिंग चुकलंय."

आता राहिली आधीची नोकरी: कुठल्या बोटी, किती पगार. 1939 ते 1950 मधल्या ब्रिटिश बोटींचे करारनामे आणि क्रू-लिस्ट लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये बीटी 381 या मालिकेत आहेत. भाची तिकडे शिकते, पुढच्या महिन्यात जाणार आहे. वाचक-कार्ड फुकट मिळतं, स्वतःच्या मोबाइलने फोटो काढू देतात. नंबर तिथेही लागतोच, पण तो बोटीचा, आणि बोटीच्या नावावरून इंटरनेटवर दोन मिनिटांत मिळतो. तो मी तिला कळवलाय. पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल घेऊन जा, हेही.