भोसरीतल्या सर्व्हरला सिरीयल केबल लावली

मागच्या पावसाळ्यात मी कोथरूडला घरी बसून मित्राच्या भोसरीच्या वर्कशॉपमधल्या सर्व्हरवर फायरवॉलचा एक नियम टाकला आणि एसएसएच, म्हणजे नेटवरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय, तिथल्या तिथे बंद झालं. रात्री साडेदहाला भर पावसात स्कूटरवर पायाशी मॉनिटर ठेवून भोसरी गाठली, कारण सकाळी सातला त्यांची पहिली शिफ्ट. तेव्हाच ठरवलं की या सर्व्हरला सिरीयल कन्सोल लावायचाच. म्हणजे शेजारी एक जुना छोटा पीसी, त्याला डोंगलचं वेगळं नेट, आणि त्याच्यापासून सर्व्हरच्या सिरीयल पोर्टपर्यंत केबल, मग सर्व्हरचं नेटवर्क गेलं तरी घरून लॉगिन करता येतं.

या शनिवारी ते केलं. कोणी करणार असेल तर कळकळीने सांगतो, सर्व्हरच्या सेटिंगला हात लावायच्या आधी आपल्या बाजूचं तपासा.

पीसीला सिरीयल पोर्ट नव्हता म्हणून यूएसबीचं कन्व्हर्टर लावलं, डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सिस्टिम मेसेजमध्ये, त्याचं टीटीवाययूएसबी० हे नाव दिसलं, पण उघडायला गेलो तर परमिशन नाही, तर आपला युजर डायलआउट ग्रुपमध्ये, म्हणजे सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या गटात, घालायचा आणि लॉगआउट करून परत लॉगिन करायचं. मग कन्व्हर्टरच्या ९ पिनांपैकी २ आणि ३ छोट्या वायरने जोडल्या. ३ वरून डेटा जातो, २ वर येतो, त्यामुळे जे टाइप कराल तेच परत स्क्रीनवर दिसायला पाहिजे. यालाच लूपबॅक म्हणतात. मिनिकॉममध्ये, म्हणजे सिरीयल पोर्टवर बोलायच्या प्रोग्रॅममध्ये, लोकल एको (टाइप केलेलं स्वतःच स्क्रीनवर दाखवणं) बंद असायला हवा, नाहीतर वायर नसतानाही अक्षरं दिसतात, आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोलही बंद हवा, नाहीतर पोर्ट सीटीएसची, म्हणजे समोरून येणाऱ्या 'पाठव' या सिग्नलची, वाट बघत बसतो आणि एक अक्षर बाहेर जात नाही. वायर काढली की अक्षरं थांबली पाहिजेत, हे नक्की बघा.

पण लूपबॅक पास झाला म्हणजे सगळं जमलं असं नाही हो. पाठवणारा आणि घेणारा एकच, त्यामुळे बॉड रेट, म्हणजे पोर्टचा वेग, कितीही ठेवा, पासच होणार. केबलच्या पलीकडच्या टोकाला २-३ जोडून बघितलं तर केबल तुटलेली नाही एवढंच कळतं, ती सरळ आहे का क्रॉस ते नाही कळत. माझं तिथेच अडलं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून आणलेली केबल सरळ होती, आणि पीसी काय सर्व्हर काय, दोघंही ३ वरूनच बोलतात, मग ऐकणार कोण? मल्टीमीटर बीपवर ठेवून बघितलं तर २ ला २ च वाजत होता. क्रॉस केबलमध्ये इकडचा २ तिकडच्या ३ ला वाजतो, आणि ५ ला ५, तो ग्राउंड. परत तपकीर गल्ली, गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास गेला, दुकानातल्या काकांना या वेळी स्पष्ट सांगितलं, क्रॉस केबल, म्हणजे नल मोडेम द्या.

नंतर सर्व्हरवर एसएसएच चालू होतं तेव्हाच टीटीवायएस० वर, म्हणजे त्याच्या पहिल्या सिरीयल पोर्टवर, एको कमांडने 'नमस्ते' रोमन अक्षरांत पाठवलं. इकडे नुसता कचरा! असा कचरा आला तर खरं तर हायसं वाटायला पाहिजे, कारण वायर बरोबर आहे, फक्त वेग जुळत नाही. सर्व्हरचा पोर्ट ९६०० वर होता, मी ११५२०० लावून बसलो होतो. एका अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट लागतात, म्हणजे ९६०० ला सेकंदाला ९६० अक्षरं, बूटचे मेसेज त्या वेगाने बघवत नाहीत, म्हणून दोन्हीकडे ११५२०० केलं.

शेवटी सर्व्हरच्या ग्रबमधल्या (लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरमधल्या) कर्नलच्या ओळीत कन्सोल म्हणून आधी टीटीवाय० (नेहमीचा स्क्रीन), मग टीटीवायएस० ११५२०० सकट लिहिला, कारण जो शेवटी लिहितो तोच मुख्य कन्सोल होतो. बायोसमधलं कन्सोल रीडायरेक्शनही, म्हणजे बायोसचा स्क्रीन सिरीयल पोर्टवर पाठवायची सोय, त्याच वेगावर आणलं. रीबूट करून नेटवर्कची केबल मुद्दाम काढली आणि मित्राला तिथेच ठेवून मी घरी आलो. रात्री डोंगलवरून पीसीत शिरलो, मिनिकॉम उघडलं, एंटर मारला आणि लॉगिन आलं. फोनवर मित्राला म्हटलं, आता नेटवर्कची केबल लाव आणि या केबलला चिठ्ठी चिकटव: क्रॉस आहे, ११५२००, फ्लो कंट्रोल बंद, काढू नका.