ईस्टर बेटावरची तापाती: तुम्ही कुणाच्या बाजूचे?

विमानतळाबाहेर घरमालकीणबाईंनी गळ्यात फुलांची माळ घातली आणि गाडीत सामान चढवता चढवताच काहीतरी विचारलं. भाची हसायला लागली. "मावशी, त्या विचारतायत, तू कुणाच्या बाजूची?" मी म्हटलं, आत्ता कुठे विमानातून उतरतेय, एवढ्यात कसली बाजू? बाईंनी माझ्या वतीनं उत्तर देऊन टाकलं. त्यांच्या घरातली पोरगी राणीपदाला उभी होती, त्यामुळे मी तिच्या बाजूची. विषय संपला.

तेव्हा मला ही जबरदस्ती वाटली. दोन आठवड्यांनी कळलं की तापातीला जाणाऱ्याला याहून चांगला सल्ला कुणी देऊ शकणार नाही.

प्रशांत महासागरातल्या या बेटाच्या भाषेत तापाती म्हणजे आठवडा. प्रत्यक्षात उत्सव दोन आठवडे चालतो, साधारण जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. उत्सवाच्या राणीपदाची उमेदवार उभी राहते, पण लढतं तिचं अख्खं भावकीचं गणगोत. कुणी पोहतं, कुणी घोडा पळवतं, कुणी मासे पकडतं, आजीबाई झाडाची साल कुटून कापड करतात, पोरं दोऱ्याचे खेळ करतात. प्रत्येकाचे गुण उमेदवाराच्या खात्यात जमा होतात आणि शेवटच्या रात्री जिचं खातं भारी तिला मुकुट. त्यामुळे प्रेक्षक म्हणून खुर्चीत बसलात तर नुसते रंगीबेरंगी कार्यक्रम दिसतात. एका घराच्या बाजूनं उभे राहिलात की गावातली भांडणं, रुसवे, हिशेब सगळं दिसायला लागतं. आपल्याकडे दोन मंडळांत दहीहंडीच्या आठवड्यात जे चाललेलं असतं तेच.

यामागे इतिहासही आहे. १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलाम पकडणाऱ्यांनी इथली माणसं जहाजं भरून नेली, मागून देवीची साथ आली, आणि १८७७ साली बेटावर मोजून १११ रापानुई, म्हणजे इथले मूळ लोक, उरले होते. १८८८ मध्ये चिलीनं बेट ताब्यात घेतलं. पुढे कित्येक दशकं सगळं बेट मेंढ्यांचं कुरण होतं आणि मूळ लोकांना हांगा रोआ गावातच कोंडून ठेवलेलं होतं. त्यांना पूर्ण नागरिकत्वाचे हक्क मिळाले ते १९६६ मध्ये. तापाती उभी राहिली ती त्यानंतर, साठ-सत्तरच्या दशकांत. म्हणजे खेळ जुने, उत्सव आपल्या वयाचा. बाई म्हणाल्या, गुण मिळतात म्हणून पोरं आजीकडे जाऊन मंत्र पाठ करतात, नाहीतर मोबाइल सोडून कोण जाणार!

पोचण्याचं आधी सांगते. भारतातून थेट असं काही नाही. मी मुंबई, आदिस अबाबा, साओ पाउलो, मग चिलीची राजधानी सांतियागो अशी गेले. दोहामार्गेही साओ पाउलोला जाता येतं. सांतियागोत भाची नोकरीला असल्यामुळे तिथे चार दिवस हातपाय पसरले, तसे तुम्हीही पसरा. पुढे सांतियागो ते बेट साडेपाच तास, तेही देशांतर्गत विमान! मुंबईहून दुबईला जायला याहून कमी वेळ लागतो. चिलीच्या व्हिसाचं काम तीन महिने आधी सुरू करा, आणि ज्या देशात विमान बदलणार त्याचे नियमही पाहून ठेवा.

बेटावर उतरण्याचे नियम वेगळे आहेत आणि कडक आहेत. परतीचं तिकीट हवं, सरकारदरबारी नोंद असलेल्या घराचं किंवा हॉटेलचं आरक्षण हवं (किंवा बेटावरच्या कुणाचं रीतसर आमंत्रण), आणि प्रवेशाचा एक ऑनलाइन फॉर्म भरलेला हवा. मुक्काम जास्तीत जास्त तीस दिवस. हे कागद सांतियागोच्या काउंटरवरच तपासतात. आमच्या पुढच्या जोडप्याचं घर नोंदणीकृत नव्हतं, त्यांची तिथे उभ्या उभ्या जी धावपळ झाली ती बघवत नव्हती. तापातीच्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत. आम्ही आदल्या जूनमध्ये घेतली होती.

खाण्याचं काय, हा प्रश्न मला निघण्याआधी सगळ्यांनी विचारला. चिलीत उतरताना प्रत्येक खाद्यपदार्थ फॉर्मवर लिहून द्या. डाळ, मसाले, लाडू, सगळं. लिहिलं की फार तर काढून घेतात, लपवलं की दंड. बेटावर बहुतेक माल विमानानं नाहीतर जहाजानं येतो, त्यामुळे टोमॅटोचा भावसुद्धा ऐकून घाम फुटतो. पण शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. अळूचे कंद, रताळी, केळी, भोपळा हे तर त्यांचं जुनं अन्न. पोए नावाचा केळं-भोपळ्याचा गोड, जड केक मी रोज खाल्ला. आणि उमू! खड्ड्यात तापवलेले दगड, त्यावर केळीची पानं, त्यावर मांस, मासे, रताळी, वर पुन्हा पानं आणि माती. झाकण उघडल्यावर जो वास आला त्यानं मला एकदम अलिबागची पोपटी आठवली. मांस खात नसाल तर उघडायच्या वेळी जवळ उभे राहा आणि कडेची रताळी मागून घ्या.

आता हाका पेई. याचेच फोटो सगळीकडे असतात. माउंगा पुई नावाची गवताळ टेकडी, उतार जवळजवळ ४५ अंशांचा. केळीचे दोन खांब एकमेकांना बांधून त्याची घसरगाडी करतात. अंगाला रंगीत माती, कमरेला हामी म्हणजे लंगोट, बाकी काही नाही. वर जाऊन त्या खांबांवर उताणं पडायचं आणि सोडून द्यायचं. वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंत जातो म्हणतात. मी मोजला नाही, पण खालून बघताना वरचा ठिपका माणूस होईपर्यंत तीन श्वास झाले आणि तो समोरून गेलासुद्धा. चौथा की पाचवा मुलगा मध्यावर उलटला. खांब एकीकडे, तो दुसरीकडे, कोलांट्या खात. सगळी टेकडी गप्प झाली. रुग्णवाहिका हलली तेवढ्यात तो उठून बसला, हात वर केला, आणि जो गलका उठला! शेजारी उभ्या असलेल्या बाई मात्र ओरडल्या नाहीत. तो समोरच्या पार्टीचा होता.

तिथे सावली औषधालाही नाही. ऊन आपल्या उन्हापेक्षा चटका देणारं आहे. टोपी, लांब बाह्या, पाणी हवंच. दोन तास आधी जाऊन उताराच्या बाजूला, अर्ध्या उंचीवर जागा धरा. अगदी पायथ्याशी उभं राहिलात तर फक्त शेवट दिसतो.

ताउआ नावाची शर्यत मात्र आमची चुकली, आणि दोष आमचाच. छापील पत्रकावर विसंबून राहिलो. कार्यक्रम एक दिवस अलीकडे आणल्याचं आदल्या रात्री स्थानिक रेडिओवर सांगितलं होतं, तेव्हा आम्ही गाढ झोपलो होतो. तापातीचं वेळापत्रक हे अंदाजपत्रक समजा. रोज रात्री घरमालकांना विचारा, सकाळी परत विचारा.

ताउआ म्हणजे त्यांची तीन टप्प्यांची शर्यत: लव्हाळ्याच्या होडीतून वल्हवणं, लव्हाळ्याच्या मोळीवर पालथं पडून पोहणं, आणि केळीचे दोन घड खांद्यावर घेऊन अनवाणी धावणं. हिची जुनी जागा म्हणजे रानो राराकूच्या विवरातलं तळं, जिथल्या कातळातून बहुतेक सगळे मोआई, म्हणजे बेटावरचे ते प्रसिद्ध दगडी पुतळे, कोरले. अलीकडच्या कोरड्या वर्षांत ते तळंच आटलं, इतकं की २०२३ मध्ये त्याच्या तळाशी एक आजवर न दिसलेला मोआई सापडला.

माझा चेहरा बघून बाईंच्या पुतण्यानं अंगणातच घड आणले. आखूड काठीच्या दोन टोकांना एकेक घड, मिळून वीस किलोच्या आसपास. आपली कावडच की! मी म्हटलं, द्या इकडे. काठी मानेमागे टेकली आणि पहिल्याच पावलाला दोन्ही घड झुलायला लागले, एक पुढे, एक मागे, आणि मी मध्ये भिंगरी. पुतण्यानं दाखवलं, घडाचं टोक हातानं धरून अंगाशी आवळायचं, पावलं छोटी टाकायची. अंगणाची एक फेरी मारली. कच्च्या केळ्यांचा चीक ब्लाउजला लागला तो अजून गेलेला नाही. हा मुलगा आदल्या दिवशी हे घेऊन धावला होता आणि तिसरा आला होता. घरात त्यावरून अजून धुसफूस चालली होती.

रात्रीचे कार्यक्रम हांगा वारे वारेच्या किनाऱ्यावरच्या मंचावर. फेब्रुवारीत सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो (आणि सकाळी आठला उगवतो!), त्यामुळे खरा रंग भरतो दहानंतर आणि मध्यरात्र कधीच उलटून जाते. दुपारी झोपून घ्या. वारा गार असतो, स्वेटर न्या. लोक नाचासाठी येतात, पण मला आवडलं ते काई काई. हाताच्या बोटांत दोऱ्याचे आकार गुंफायचे आणि त्या आकाराची गोष्ट तालात म्हणायची. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी मधेच अडखळली, दोरा तसाच ताणून धरून उभी राहिली. पहिल्या रांगेतून एका म्हातारीनं ओळ पुरवली. गुण कापले की नाही ते कळलं नाही.

फारांदुला म्हणजे मिरवणूक, आणि त्यात पाहुण्यांना भाग घेता येतो. आपल्या बाजूला जितकी माणसं जास्त तितकं उमेदवाराचं वजन वाढतं, म्हणून बाईंनी आम्हाला सोडलंच नाही. पिसं, शिंपले, सालीचं कापड आणि तोंडाला मातीचे पट्टे. मुख्य रस्त्याचं नाव आतामु तेकेना. १८८८ चा करार झाला तेव्हाचा हा राजा. लोक सांगतात, त्यानं गवत आणि माती उपटून हातात घेतली, गवत चिलीच्या अधिकाऱ्याला दिलं आणि माती स्वतःकडे ठेवली. जुने कपडे घाला, कानामागची माती चार दिवस निघत नाही.

मोआईंसाठी उत्सव सुरू होण्याआधीचे दोन-तीन दिवस राखून ठेवा. राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट ऑनलाइन मिळतं, बहुतेक ठिकाणी मान्यताप्राप्त गाइड किंवा स्थानिक माणूस बरोबर असावाच लागतो, आणि ओरोंगो (कड्यावरचं जुनं गाव) व रानो राराकू या दोन जागी एका तिकिटावर एकदाच जाता येतं, तेव्हा ढगाळ दिवशी वाया घालवू नका. तोंगारिकीचे पंधरा मोआई पहाटे पाहा. मोआईला हात लावायचा नाही, ते उभे असतात त्या चौथऱ्यावर चढायचं नाही. ती त्यांच्या पूर्वजांची जागा आहे. भाड्याची गाडी घ्यायची तर आमच्या गाडीला विमा नव्हता हे लक्षात ठेवा, आणि रात्री रस्त्यात घोडे उभे असतात.

आमची पोरगी हरली. फार थोड्या गुणांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी चहाबरोबर कागद-पेन काढलं आणि मासेमारीत किती गेले, सालीच्या कापडात किती, याची बेरीज करायला बसल्या. भाचीनं दोनदा केली, आकडा तोच आला. विमानतळावर निरोपाची शिंपल्यांची माळ गळ्यात घालताना त्या पुन्हा काहीतरी म्हणाल्या. भाचीनं सांगितलं, "म्हणतायत, पुढच्या वेळी एकटी येऊ नकोस. फारांदुलाला वीस माणसं आण."